नानांसाठी स्वस्तातला पोर्टेबल सीडी प्लेअर, कोणता घ्यावा?

केळीवाला_यावल:
राम राम मंडळी. आमच्या नानांना (वडील) चालता-फिरता सीडी प्लेअर घ्यायचाय. बजेट ३-४ हजार, त्याच्यावर नाही जाणार, केळीच्या भावाचं तुम्हाला माहितीच आहे. आता लगेच कोणीतरी म्हणेल मोबाईलवर लावून द्या, तर ते करून झालंय, पेनड्राईव्ह पण करून झाला. नानांना मोबाईल जमत नाही असं नाही, गुड मॉर्निंग आमच्या आधी टाकतात ग्रुपवर, पण गाणं ऐकायचं म्हणजे कव्हर उघडायचं, सीडी काढायची, धोतराच्या सोग्याने पुसायची, लावायची, हे सगळं पाहिजे त्यांना. आणि भजन रंगात आलं की नेमका कर्जवाल्यांचा फोन येतो त्याची चीड वेगळीच.

कपाटात दोन पिशव्या भरून सीड्या आहेत, कीर्तनं, भजनं, अहिराणी गाणी, कानबाईची गाणी, जुनी हिंदी, काही त्या काळी दुकानातून भरून आणलेल्या, वरती स्केचपेनने नाव लिहिलेल्या.

मेन वापर मळ्यात. थ्री फेज लाईटची पाळी रात्रीची आली की नाना पाणी भरायला जातात, झोपडीत बोर्ड आहे पण त्याचा भरवसा नाही, म्हणजे सेल किंवा बॅटरीवर चालणारा पाहिजे. ऑनलाईन बघितलं तर सगळे एकसारखे दिसतात, कंपन्यांची नावं कधी ऐकलेली नाहीत, आणि रिव्ह्यू एकतर पाच स्टार नाहीतर एक स्टार, मधलं काहीच नाही. नवीन घेऊ का जुना सोनी-पॅनासॉनिकचा शोधू?

भुसावळ_जंक्शन:
प्लेअर नंतर, आधी त्या पिशव्या रिकाम्या करा भो. सगळा खेळ सीडीत काय भरलंय त्याच्यावर आहे आणि लोक नेमकं तेच बघत नाहीत.

सीडी ड्राईव्हवाला जुना कॉम्प्युटर कोणाकडे असेल तर एकेक टाकून बघा. सीडीए नावाचे ट्रॅक दिसले तर ती ऑडिओ सीडी, ती कुठल्याही प्लेअरवर चालते, १९८४ सालच्या सोनीच्या पहिल्या पोर्टेबलवर पण चालेल. एमपी३ फाईली दिसल्या तर प्लेअरवर एमपी३ लिहिलेलं असलंच पाहिजे, जुन्या डिस्कमनपैकी (सोनीचे खिशात-पिशवीत नेायचे सीडी प्लेअर) बऱ्याच जणांना ते कळतच नाही, सीडी फिरते आणि आवाज शून्य. आणि एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर, त्याच्यात डॅट फाईल, असं दिसलं तर ती व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी. आपल्याकडे अहिराणी गाणी बहुतेक व्हीसीडीवरच निघाली, कव्हर सेम टू सेम असतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं गाण्याची सीडी. ती ऑडिओ प्लेअरवर नाही चालणार म्हणजे नाही चालणार, तिला डीव्हीडी प्लेअर लागतो.

स्केचपेनवाल्या पण तपासा. खालून निळसर-हिरवट झाक दिसते त्या घरी किंवा दुकानात भरलेल्या. त्याच्यावरचा थर उन्हाला कच्चा असतो, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली असली तर आशा सोडा. सीडी-आरडब्ल्यू (पुसून परत भरता येते ती) असेल तर ती उजेड कमी परावर्तित करते म्हणून जुनी लेन्स ती ओळखतच नाही.

हिशोब म्हणून सांगतो, ऑडिओ सीडीत ८० मिनिटं मावतात, त्याच ७०० एमबीत १२८ केबीपीएसची एमपी३ भरली तर १२ तास. नाना रात्रभर मळ्यात असतील तर एमपी३ चालणाराच घ्या.

सातपुडा_पायथा:
बाकी सगळं ठीक पण रात्री केळीत हेडफोन?? यावल पट्ट्यात बिबट्या कुठे कुठे दिसतो माहिती आहे ना, आणि जनावर तर पायाखाली असतंच. कान बंद करून फिरायचंच नाही. या छोट्या प्लेअरला बहुतेक वेळा स्पीकर नसतो, फक्त ३.५ एमएमचा जॅक. म्हणजे वेगळा स्पीकर आला, त्याचं वेगळं चार्जिंग आलं.

ब्लूटूथ लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. काही प्लेअर फक्त आवाज पाठवतात (म्हणजे स्पीकरला जोडता येतात) आणि काही फक्त मोबाईलवरून आवाज घेतात, डब्यावर दोघांच्याही ब्लूटूथ एवढंच छापलेलं असतं. वायर लावा, वायरला काही होत नाही.

जुनं_ते_सोनं:
मी जुनी मशिनं गोळा करतो म्हणून सेकंडहँडबद्दल लिहितो. जुन्या जपानी प्लेअरचा आवाज आजच्या स्वस्तातल्यांपेक्षा उजवाच, त्यात वाद नाही. पण नानांना मळ्यात द्यायला घेत असाल तर चार ठिकाणी बघा.

बॅटरीचं झाकण उघडा. आत पांढरं-हिरवं साचलं असेल तर सेल गळलेला आहे, पट्ट्या गंजल्या असतील, परत ठेवून द्या. दोन पेन्सिल सेलवर चालणाराच घ्या, काही पातळ मॉडेलांना चपटी खास बॅटरी लागायची, ती आता मिळता मिळत नाही. मग सोबत स्वतःची सीडी न्या आणि पहिलं गाणं नाही, शेवटचं लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटचं गाणं कडेला असतं, लेन्सची सरकपट्टी सुकलेली असेल तर नेमकी तिथे अडकते. विकणारा नेहमी पहिलंच गाणं लावून दाखवतो, कारण त्यालाही हे माहिती असतं :) जॅकमध्ये पिन फिरवून बघा, खरखर आली तर सोल्डर सुटलंय. आणि ॲडॉप्टर सोबत नसेल तर मोबाईलचा कापून लावू नका, बरेच जुने ४.५ व्होल्टवर चालतात आणि पिनचं प्लस आत का बाहेर ते मशीनवरच्या चित्रात दिलेलं असतं.

अँटी-शॉकबद्दल पण. ते काय करतं तर सीडी जोरात फिरवून पुढचं गाणं आधीच मेमरीत घेऊन ठेवतं, धक्का बसून लेन्स हलली की तेवढे सेकंद मेमरीतून वाजतं. डब्यावर जो मोठा आकडा असतो तो बहुतेक एमपी३चा, ऑडिओ सीडीला त्याच्यापेक्षा बराच कमी मिळतो. झोपडीत खाटेवर ठेवायचा तर त्याचं एवढं काही नाही, बांधावरून खिशात घालून चालायचं असेल तरच बघा.

मुंबईला जाणं झालं तर चोर बाजारात मिळतात, जळगावात गोलाणी मार्केटला विचाराल तर मोबाईलचं कव्हर देतील.

पेनड्राईव्ह_प्रेमी:
२०२० नंतर सीडी प्लेअर कोण घेतं राव, ३०० रुपयात पेनड्राईव्ह आणि ५०० रुपयात यूएसबी स्पीकर. विषय संपला.

सातपुडा_पायथा:
@पेनड्राईव्ह_प्रेमी वरचा पहिला पॅरा वाचला का भाऊ? आणि कोण घेतं म्हणाल तर फिओ, मूनड्रॉपसारख्या कंपन्यांनी परत पोर्टेबल सीडी प्लेअर काढलेत, फक्त ते आपल्या बजेटमधले नाहीत.

केळीवाला_यावल:
सर्वांचे आभार. पुतण्याच्या कॉम्प्युटरवर टाकून बघितल्या. भुसावळवाले म्हणाले तेच, अहिराणीच्या जवळपास सगळ्या व्हीसीडी निघाल्या, नाना म्हणे मग इतके दिवस टीव्हीवर नाचणारे दिसायचे ते कुठून दिसायचे, तुला आत्ता कळलं का. कीर्तनं-भजनं खऱ्या ऑडिओ सीडी, स्केचपेनवाल्या एमपी३, त्यातल्या थोड्या वाचल्याच जात नाहीत. व्हीसीडीचं घरच्या डीव्हीडी प्लेअरवर भागेल. म्हणजे मळ्यात ऑडिओ + एमपी३ + स्पीकर असं पाहिजे. बजेट तेच.

धुळ्याचा_भाऊ:
राम राम भाऊ. इतलं डोकं कसाले लावतस, मी सांगस ते आयका. (पुढचं मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याला गेलेले म्हणतील कळत नाही.)

गाडीतला जुना सीडी डेक घ्या. सध्या जो तो गाडीत अँड्रॉइड स्क्रीन बसवतोय, काढलेले डेक कार डेकोरवाल्यांकडे कोपऱ्यात धूळ खात पडलेत, घासाघीस केली तर किरकोळीत देतात. ऑडिओ चालते, बहुतेकांवर एमपी३ चालते, पुढे यूएसबी असलं तर बोनस. आणि तो बनवलाच खड्ड्यांच्या रस्त्यासाठी, त्यामुळे धक्क्याचा प्रश्नच नाही. बटणं मोठी, अंधारात उजळतात.

वीज १२ व्होल्टची. तुमच्याकडे फवारणीचा बॅटरी पंप असेलच, त्याच्यात १२ व्होल्टची बॅटरी असते, साधारण ८ एएचची (अँपिअर-अवर, किती वीज साठते त्याचं माप), मध्यम आवाजात काही तास आरामात काढते. चार्जर पंपासोबत आलेलाच आहे. ट्रॅक्टर मळ्यात उभा असेल तर तोही १२ व्होल्टच, फक्त रात्रभर वाजवून सकाळी स्टार्टर मारायला बॅटरी शिल्लक ठेवा.

वायरिंग असं. पिवळी म्हणजे कायम प्लस, लाल म्हणजे चावीची. दोघी एकत्र पिळून मध्ये बटण टाकून बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. निळी सोडून द्या, ती अँटेनाची. स्पीकरच्या जोड्या पांढरी, करडी, हिरवी, जांभळी, ज्याच्यावर काळा पट्टा ती मायनस. आता महत्त्वाचं, स्पीकरची मायनस बॅटरीच्या मायनसला चुकूनही जोडू नका, डेकचा अँप्लिफायर उडतो. दोनच स्पीकर लावायचे तर बाकीच्या वायरींची टोकं वेगवेगळी टेपने बांधा. डेकच्या मागचा फ्यूज काढून तिथे तार घालायची आपली खान्देशी सवय इथे नको.

घेताना बाजारातला डेक घ्या, गाडीसोबत कंपनीतून बसून आलेला नको. त्याचा कनेक्टर वेगळा असतो, रंग वेगळे असतात, आणि काही तर वीज तुटली की कोड मागतात, तो कोड जुन्या मालकालाही माहिती नसतो.

जुनं_ते_सोनं:
भाऊ एक नंबर. यात एवढंच घालतो, पिवळी-लाल एकत्र बटणावर घेतली तर बंद केल्यावर घड्याळ आणि सेटिंग पुसलं जातं, काहींना सीडी दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. तीन तासांचं कीर्तन एमपी३वर असेल तर नाना वैतागतील. पिवळी थेट ठेवा, लाल फक्त बटणावर घ्या. थोडी बॅटरी जाते, पण काम राहिलं त्याच जागेवरून पुढे सुरू होतं.

केळीवाला_यावल:
हे जमणार. पंप आहे, जुने स्पीकर पण माळ्यावर आहेत. नानांना विचारलं तर त्यांचा एकच प्रश्न, गाडीच्या डेकमध्ये सीडी फटीतून आत ओढली जाते, ती पुसून लावली तरी आत धूळ गेली तर साफ कशी करायची? झाकण तर उघडत नाही. मळ्यात धुराळा भरपूर.

भुसावळ_जंक्शन:
वाजत नसेल तेव्हा फटीवर कापड टाकून ठेवा, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. बाजारात ब्रशवाली लेन्स क्लीनर सीडी मिळते, ती अधूनमधून फिरवायची. त्याने नाहीच झालं तर वरचे स्क्रू काढून कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून लेन्सवर हलकेच, दाब न देता. आणि नानांना सांगा सीडी गोल गोल पुसू नका, मधून कडेला सरळ पुसा, गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि गाणं तिथेच अडकतं. सोग्याऐवजी चष्म्याचं फडकं दिलं तर बरं, पण ते ऐकतील का ते तुम्ही बघा.