लेआउटमधल्या सभेला सहाच जण उरलेत, पुढे काय करू?

प्रश्न: विज्ञानाच्या बाई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

नमस्कार. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, समाजभवनात जानेवारीपासून दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी अकराला सभा घेते. पाणी, कचरा, उन्हाळा, आजारपणं, जे आपल्या भागाला रोज भोगावं लागतं ते नीट समजून घ्यायचं, एवढाच हेतू.

पहिली सभा ओल्या-सुक्या कचऱ्यावर झाली. संक्रांतीचं हळदीकुंकू त्यालाच जोडलं, वाण म्हणून कापडी पिशव्या दिल्या. 63 बायका आल्या. फेब्रुवारीत 21. मार्चमध्ये उष्माघातावर एका डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून फार छान सांगितलं, पण ऐकायला 14 जण. एप्रिल, मे, जून सभा झालीच नाही. जुलैमध्ये पावसाचं पाणी मुरवण्यावर ठेवली तेव्हा सहा, आणि त्यातले चार आम्ही आयोजकच. येतो म्हणालेले एक अधिकारी आले नाहीत, फोनही उचलला नाही. आम्ही 40 खुर्च्या मांडल्या होत्या. त्या पुन्हा एकात एक रचताना मला रडू आलं.

ज्यांना याची खरी गरज आहे, म्हणजे मागच्या बाजूच्या टिनाच्या घरांतली माणसं, आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका, चौकीदार, ते तर एकदाही आले नाहीत. फळ्यावर लिहिलं, व्हॉट्सॲपवर टाकलं. कुणी असं काही चालवत असेल तर सांगा. विषय चुकतोय, वेळ चुकते आहे की मीच चुकते आहे?

उत्तर: कूलरवाला, पूर्व नागपूर

ताई, बंद करू नका.

मी कूलर दुरुस्तीचं काम करतो. आमच्या वस्तीत बुद्धविहार आहे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागला की तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असते. बाया-माणसं येतातच, लेकरंही येतात. आम्ही वेगळी सभा बोलावलीच नाही. वाचन झालं की पंधरा मिनिटं मागून घेतली.

कारण सांगतो. दोन वर्षांआधी माझ्या भाचीला डेंग्यू झाला. प्लेटलेट खाली गेल्या, दोन रात्री आम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवर काढल्या. घरी आल्यावर तिच्या खिडकीतला कूलर उघडला. उन्हाळ्यात मीच बसवून दिला होता. गवताची ताटी काढली, खाली चार बोटं पाणी, पावसाचं साचलेलं. टॉर्च मारला तं पाणी हलत होतं.

ते पाणी लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरून विहारात नेलं अन् दिव्याखाली ठेवलं. भाषण केलं नाही. डासाच्या अळ्या पाण्याच्या वरच्या थराला डोकं खाली करून लटकतात, शेपटीकडून श्वास घेतात. बरणीला टिचकी मारली की वळवळत तळाशी जातात, थोड्या वेळाने श्वासासाठी पुन्हा वर येतात. पोरांनी टिचक्या मारून मारून पाह्यलं. मंग बाया जवळ आल्या. एक आजी म्हणाल्या, "हे तं आमच्या रांजणातही असतात, आम्ही फडक्यानं गाळून घेतो." ह्याच अळीचा डास होतो हे त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं. बरणीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला अन् ती तिथंच ठेवली. चौथ्या दिवशी आतमध्ये डास उडत होते, पायावर पांढरे पट्टे असलेले. त्या संध्याकाळी विहारात बसायला जागा नव्हती.

मंग सांगितलं की अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. अन् नुसतं पाणी ओतून भागत नाही. हा डास अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटवतो. ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात, पाणी लागलं की फुटतात. टाकी काथ्यानं घासून, उन्हात वाळवूनच ठेवा लागते. आता मी पावसाळ्याआधी कूलर बंद करायला जातो तेव्हा स्वतः घासून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

तुमच्या पडद्यावरच्या चित्रांत काही खोट नव्हती ताई. पण ती दुसऱ्याच्या घरची होती.

उत्तर: अंबाझरीच्या खालच्या अंगाला राहणारा

कूलरवाले भाऊ बोलले ते पटलं. आमचा अनुभव पुराचा आहे. 22 सप्टेंबर 2023 च्या रात्री शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि झोपेतच पाणी घरात आलं. आमच्या हॉलच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ आहे. घर रंगवलं तेव्हा तेवढा पट्टा आईने रंगवू दिला नाही.

आम्हीही आधी आपत्तीवर व्याख्यान ठेवलं होतं, कोणी फिरकलं नाही. मग ठरवलं की त्या रेघेपाशीच बसायचं. लेकरांनी विचारलं, पाणी आलं कुठून? एकाही मोठ्या माणसाला नीट सांगता येईना. पुढच्या रविवारी सगळे पायी निघालो, तलावापासून नाग नदीच्या काठाकाठाने जमेल तेवढं. ही नदी पश्चिमेला लाव्याच्या टेकड्यांकडून येते, अख्खं शहर ओलांडून पूर्वेला कन्हानला मिळते. तिला नाला म्हणत मोठी झालेली माणसं त्या दिवशी पहिल्यांदा नदी म्हणाली.

पाणी मुरवण्याचा विषय तुम्ही सोडू नका, फक्त हिशेबाने सुरू करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पडला तर एका गच्चीवरून 9,300 लिटर पाणी एका रात्रीत खाली येतं. हे खडूने फरशीवर लिहिलं तेव्हा अंगणभर टाइल्स बसवलेले आमचे शेजारी उठून म्हणाले, "मग माझं कुठं जाते?" सभा तिथून सुरू झाली.

उत्तर: बी.ए.ची विद्यार्थिनी

बाई, एक सांगते, राग मानू नका. माझी आई पाच घरची कामं करते. रविवारी अकरा वाजता ती तिसऱ्या घरी असते, आणि रविवारी घरोघरी पाहुणे, त्यामुळे भांडी दुप्पट. ती साडेसातला मोकळी होते.

दुसरं, फळ्यावर "सर्व रहिवाशांना निमंत्रण" असं लिहिलं असेल तर ते आपल्यासाठी आहे असं तिला वाटणारच नाही. समाजभवनात ती आजवर लग्नाची भांडी घासायलाच गेली आहे. तिला तोंडाने बोलवा. आणि ऐकायलाच नाही, सांगायलाही बोलवा. कोणत्या घरी कचरा वेगळा करतात आणि कोणत्या घरी एकाच डब्यात कोंबतात, हे तिच्याइतकं लेआउटमध्ये कोणाला माहीत आहे?

विषयांची काळजी करू नका. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, महाल भागात मारबतीची मिरवणूक पाहायला या आणि तिच्यातल्या बडग्यांवर, म्हणजे मोठ्या पुतळ्यांवर, काय लिहिलेलं असतं ते वाचा. खड्डे, महागाई, रोगराई. "घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक वर्षानुवर्षं आपल्या अडचणी ओरडून सांगतातच आहेत.

पुन्हा: विज्ञानाच्या बाई, त्रिमूर्तीनगर

तुम्हा तिघांचं वाचलं आणि दोन दिवस गप्प होते. राग नाही आला, पोरी. माझ्याकडे आठ वर्षं काम करणाऱ्या बाईंना मी सभेचं एकदाही बोलले नव्हते, हे तुझं उत्तर वाचल्यावर लक्षात आलं.

काल संध्याकाळी साडेसातला, टिनाच्या घरांकडे वळतो तिथल्या किराणा दुकानासमोर, स्टुलावर बरणी ठेवून उभी राहिले. बोलावणं आमच्या बाईंनीच घरोघरी जाऊन केलं. खुर्ची एकही नव्हती. शेवटी मोजले तेव्हा 37 जण होते. बरणीतलं पाणी माझ्याच घरच्या मागच्या खिडकीतल्या कूलरचं होतं, आणि ते मी आधी सांगून टाकलं. त्यानंतर गल्लीतले 14 कूलर उघडून पाहिले, पाचांत अळ्या निघाल्या. सहावीतल्या एका मुलाने कोणाच्या कूलरमध्ये निघाल्या, कोणाच्या नाही, ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी तो आणि त्याचे मित्र पुन्हा पाहून येणार आहेत.

निघताना चौकीदार म्हणाले, कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये जून लागल्यापासून पाणी तुंबलं आहे, त्याचं काय? मालक बाहेरगावी असतो, पत्ता कोणाला ठाऊक नाही. आज सकाळी आमच्या बाई, चौकीदार आणि मी तिघं जाऊन ते पाणी पाहून आलो. मालक सापडत नसेल तर अशा प्लॉटची तक्रार कशी लिहायची, कोणाकडे द्यायची आणि पोच कशी घ्यायची, हे कोणी केलं असेल तर सांगा. शनिवारच्या आत हवं आहे.