चार युरोची रेड वाईन: हुशारी की कंजूषपणा?

उंबरठा (फ्रँकफुर्ट):
परवा मटणाच्या बेताला आलेल्या मित्राने ग्लास नाकाला लावला, "वा, मस्त आहे" म्हणाला. बाटली आल्डी-लिडलसारख्या स्वस्त सुपरमार्केटातली, म्हणजे डिस्काउंटवाल्याकडची, 3.99 ची आहे हे कळताच त्याचं तोंड असं झालं की मी जणू रॉकेलच पाजलं. तेव्हापासून डोक्यात आहे, म्हणून धागा.

स्पेनच्या रिओहा भागातली क्रियांझा होती ती. रिओहात 'क्रियांझा' हा शब्द लेबलवर लावायचा तर रेड वाईन किमान 2 वर्षं मुरवावी लागते, त्यातलं 1 वर्ष ओकच्या पिंपात. आल्डी-लिडलमध्ये विकली म्हणून हा नियम सैल होत नाही. शिवाय जर्मनीत साध्या वाईनवर अबकारी कर शून्य, फक्त 19 टक्के व्हॅट. (फेसाळत्या वाईनवर मात्र कैसरने 1902 मध्ये आरमारासाठी लावलेला कर मध्ये थोडी सुट्टी घेऊन अजून चालू आहे, बाटलीमागे 1.02 युरो. आरमार बुडालं, कर तरंगतोय.)

मी फक्त एवढंच पाळतो: बड्या नावाची स्वस्त बाटली घ्यायची नाही. चार युरोची फ्रान्सची बोर्दो दिसली की मी पुढे सरकतो आणि पोर्तुगालची दाओ किंवा आलेंतेजु उचलतो. त्यात नावाचे पैसे कमी मोजावे लागतात. बोला आता.

पळीपंचपात्र:
हिशेब मांडा की राव. 3.99 मधले 64 सेंट व्हॅटचे. उरले 3.35. त्यात काच, बूच, लेबल, खोका, स्पेनहून येणारा ट्रक आणि दुकानदाराचा नफा. द्राक्षाला काय उरलं? आता 7.99 ची घ्या, व्हॅट जाऊन 6.71. काच तीच, ट्रक तोच. दुप्पट पैशात आतला माल दुपटीहून जास्त मिळतो. फाल्झ या जर्मन द्राक्षपट्ट्यात शेतकऱ्याच्या दारात जा, लेबलवर 'गुट्सआबफ्युलुंग' बघा. म्हणजे द्राक्षंही त्याची आणि बाटलीही त्यानेच भरलेली.

उंबरठा:
गेलो होतो. त्या आजोबांनी एवढ्या प्रेमाने चार ग्लास चाखवले की भिडेपोटी बारा बाटल्या डिकीत. त्यातल्या सहा डोर्नफेल्डर द्राक्षाच्या रेड वाईनच्या, जी मला आवडत नाही. असं मूल्य मला परवडत नाही.

तांबडापांढरा (मु. पो. म्युनिक, मूळ कोल्हापूर):
तुम्ही दोघं जेवणाचं बोलतच नाही. तिखट रश्श्याबरोबर ओकवाली तुरट वाईन घेतली की तोंडाची नुसती आग होते. तिथे इटलीची थोडी गोडसर प्रिमितिवोच लागते, आणि ती डिस्काउंटवाल्याकडे ढिगाने असते.

इटालियन बाटलीवर गोडीचं बहुधा काही लिहिलेलं नसतं, पण 2024 च्या हंगामापासूनच्या बाटल्यांवर घटक आणि साखर सांगावीच लागते, बहुतेक ठिकाणी मागच्या क्यूआर कोडमध्ये. मी दुकानातच फोन लावून बघतो. 100 मिलीत साखर 1.2 ग्रॅम, म्हणजे लिटरला 12. रश्श्याला चालेल. वरणभाताला नको.

पळीपंचपात्र:
वरणभाताबरोबर रेड वाईन? धागा उडवा कुणीतरी.

द्राक्षवेल (नाशिक):
चालू द्या तुमचं. द्राक्षं आमच्या गावची, पण इथे सुपरमार्केटात वाईन ठेवू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने जानेवारी 2022 मध्ये घेतला, त्यावर अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि मी अजून तूरडाळीशेजारी एकही बाटली पाहिलेली नाही. तुम्ही तिकडे 3.99 वर भांडा!

पळीपंचपात्र:
मूळ मुद्द्यावर येतो. मागच्या महिन्यात अशीच एक स्वस्तातली उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. सगळी बेसिनमध्ये. वाचलेले चार युरो गेलेच, वर पाहुण्यांसमोर शोभा.

उंबरठा:
तो बुचाचा दोष. 40 युरोच्या बाटलीलाही लागतो, आणि तेव्हा बेसिनपर्यंत जाताना जास्त रडू येतं. स्क्रूकॅपवाली घ्या, हा प्रकार फार क्वचित होतो.

पळीपंचपात्र:
घेतली असती. पण फिरकीचं झाकण दिसलं की आमचे सासरे विचारतात, "खोकला झालाय का?"