कव्हर लेटरमध्ये तुम्ही काय लिहिलंत? सीमाभागातल्यांचे अनुभव

डीटीपीवाला, टिळकवाडी

बेळगावात आरपीडी कॉर्नरजवळ माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. परीक्षा संपल्या की पोरं मोबाइलमध्ये फाइल घेऊन येतात. 'अण्णा, बायोडेटाच्या वर ते लेटर पण लावून द्या.' ते लेटर बहुतेक वेळा कुठल्यातरी सिनिअरचं असतं. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम', मग 'विथ रेफरन्स टु युवर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट' (कुठली जाहिरात, कुठल्या तारखेची, पत्ता नाही), मग हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल, आणि शेवटी 'काइंडली गिव्ह मी वन चान्स'. परवा एका मुलीच्या पत्रात खाली नाव तिचं, पण मधल्या परिच्छेदात हुबळीच्या कॉलेजचं नाव तसंच राहिलेलं. ही शिकली बेळगावात. दाखवलं तर हसून म्हणाली, 'राहू दे अण्णा, कोण वाचतंय?'

म्हणून हा धागा. खरंच कोण वाचतं का? वाचत असेल तर नेमकं काय बघतं? ज्यांना पत्रामुळे बोलावणं आलं त्यांनी त्यात काय होतं ते लिहा. ज्यांच्याकडे अर्ज येतात त्यांनी तर जरूर लिहा. कंपनीचं नाव नको. पत्र इंग्रजीत असलं तरी इथे मराठीत सांगा.

आपल्याकडची अडचण थोडी वेगळी आहे असं मला वाटतं. घर कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी, हुक्केरीत. नोकरी सीमेपलीकडे, शिनोळीत, गोकुळ शिरगावात, पुण्यात, गोव्यात. पत्ता वाचला की समोरच्याच्या मनात पहिली शंका हीच येते: हा येणार कुठून, राहणार कुठे, टिकणार का? बायोडेटात याचं उत्तर नसतं.

उद्यमबागकर

मी वाचतो. आमचं मशीन शॉप आहे, हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह बॉडी आणि पंपाचे पार्ट करतो. वेगळा एचआर वगैरे कोण नाही, आलेले मेल मीच उघडतो, तेसुद्धा संध्याकाळी पाळी बदलल्यावर. त्यामुळे पहिली गोष्ट: पत्र वेगळ्या फाइलमध्ये जोडून मेलमध्ये फक्त 'पीएफए' (प्लीज फाइंड अटॅच्ड) लिहू नका. दोन फाइली उघडायला मला वेळ नसतो. मेलचा मजकूर हेच पत्र समजा. विषयाच्या ओळीत पद, तुमचं नाव, शिक्षण. 'जॉब' एवढाच विषय लिहिलेले मेल ढिगाने पडलेत.

मागे क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा होती. सगळे डिप्लोमा मेकॅनिकल, सगळ्यांचे टक्के जवळपास सारखे. एका पोराचं पत्र अजून लक्षात आहे. त्याने लिहिलं होतं की ट्रेनिंगला असताना एका जॉबचा बोअर (आतलं भोक) दुपारनंतर ओव्हरसाइज यायचा. सगळे ऑपरेटरला बोलायचे. ह्याने बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) घेऊन दर पाच नगांनी माप घेतलं, कागदावर लिहून मशीनला चिकटवलं. सकाळी मशीन गार असताना लावलेला ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) दुपारी मशीन तापल्यावर चालत नव्हता. जेवणाच्या सुट्टीनंतर ऑफसेट तपासायचा, असा नियम सुपरवायझरने केला. एवढंच. चार वाक्यांत.

आता बघा, ह्यात 'मी मेहनती आहे' असं कुठं आहे? पण मला कळलं की ह्याला माप घेता येतं, लिहून ठेवायची सवय आहे, आणि भांडण न करता कारण शोधतो. फोन करून बोलावलं. मुलाखतीत मी त्याच्या हातात बोअर गेज दिला आणि सेट करायला सांगितलं. ठरलेल्या मापाच्या रिंगवर झिरो करून घेतला त्याने, न सांगता. पत्रातलं खरं होतं.

उलट काही जणांचं पत्र म्हणजे बायोडेटाचंच गद्य. एसएसएलसी (दहावी) एवढे टक्के, पीयूसी (बारावी) एवढे, डिप्लोमा एवढे. ते खाली टेबलात आहेच की! आणखी एक राग म्हणजे 'एनी पोस्ट'. कुठलंही काम चालेल म्हणणाऱ्याला मी कुठल्या मशीनवर उभा करू?

खानापूर ते मडगाव

माझं बीएस्सी केमिस्ट्री, गाव खानापूर तालुक्यात. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपन्या आहेत, तिथे क्यूसीसाठी (मालाची गुणवत्ता तपासणारा विभाग) अर्ज करायची. मार्क चांगले, पण बोलावणं यायचं नाही. तिथे काम करणाऱ्या गावच्या एका ताईने माझं पत्र वाचलं आणि पहिलाच प्रश्न केला: 'तू राहणार कुठं, ते कुठं लिहिलंयस?' मला वाटायचं ते मुलाखतीत सांगायचं असतं. ती म्हणाली, अगं, शिफ्ट ड्युटी असते. बाहेरच्या मुली येतात, महिन्याभरात जागा मिळाली नाही म्हणून परत जातात. तुझा खानापूरचा पत्ता बघून तो हाच विचार करणार.

मग शेवटच्या परिच्छेदात लिहिलं: मडगावला मावशीकडे राहण्याची सोय आहे, तिन्ही शिफ्टना तयार आहे, निवड झाल्यास आठवड्याच्या आत रुजू होऊ शकते, कोकणी समजते आणि कामापुरती बोलते. (खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत कोकणी नवीन नाही.)

दुसरा बदल तिने प्रोजेक्टच्या वाक्यात केला. माझं वाक्य होतं, 'एचपीएलसीचं ज्ञान आहे.' खरं म्हणजे कॉलेजमध्ये ते औषधातले घटक तपासायचं मशीन आम्ही लांबून बघितलेलं. तिने ते काढायला लावलं. त्याऐवजी जे हाताने केलं होतं ते घातलं: गावातल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्याचं टोटल हार्डनेस, ईडीटीए टायट्रेशनने, प्रत्येक नमुना तीनदा, वहीत खाडाखोड न करता. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही आणि तारीख. आमच्या सरांनी तशी शिस्तच लावली होती. मुलाखतीत साहेबांनी एचपीएलसीबद्दल विचारलंच नाही. त्या एका रेघेबद्दल विचारलं. औषध कंपनीत नोंदी ठेवण्याचा नियम तोच आहे म्हणे.

अनगोळचा, सध्या पुण्यात

आयटीत कोण बघत नाही ओ. नोकरीच्या साइटवर बटण दाबलं की अर्ज गेला, पत्राला जागाच नसते. मी आजपर्यंत एकही लिहिलं नाही आणि अडलं नाही. उगाच पोरांना कामाला लावू नका.

उद्यमबागकर

@अनगोळचा, तुमच्या कंपनीत हजारांनी अर्ज येतात, तिथे आधी सॉफ्टवेअरच चाळतं. आमच्यासारख्या चाळीस माणसांच्या कारखान्यात वाचणारा मालकच असतो. दोन्ही खरं आहे. पण तुमच्या ओळखीतल्या कुणाला रेफरल देताना तुम्ही मॅनेजरला चार ओळी लिहिता की नाही? ते तरी दुसरं काय असतं?

अनगोळचा, सध्या पुण्यात

हां, ते लिहितो. मान्य.

माजी हवालदार, हुक्केरी

मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. पेन्शन आली तवा वय चाळिसाच्या आत, पोरं शाळंत, घरी बसून कसं चालंल? आमच्या फौजी लोकांचं पत्र म्हंजे एकच: 'एक्स-सर्व्हिसमन, डिसिप्लिन्ड, हाय आल्टिट्यूडला सर्व्हिस.' मग मिळतंय काय, तर गेटवरची नोकरी. गेटवरच्या नोकरीत वाईट काय न्हाई, पण मी शेवटची काही वर्सं क्यूएम स्टोअरला (पलटणीच्या सामानाचं कोठार) होतो. ते कुणाला सांगायचं कसं?

पुतण्या साखर कारखान्यात स्टोअरला हाय. तो म्हणाला, काका, मेडलं खाली टाका, वर स्टोअरचं लिवा. मग लिवलं: कपडे, बूट, तंबू, भांडी, हत्यारांचे सुटे भाग धरून शेकडो प्रकारच्या वस्तूंचं लेजर सांभाळलं. माल आला की मोजून घ्यायचा, चार्जवर (नोंदवहीत जमा) चढवायचा, दिला की सही घ्यायची, खराब झाला की बोर्ड (तपासणी समिती) बसवून राइट-ऑफ, म्हंजे हिशोबातून कमी, करायचा. ऑडिटला एक बूट कमी आला तरी जाब द्यावा लागतो, आणि तो मी द्यायचो. कॉम्प्युटर कितपत येतो ते खरं तेवढंच: एक्सेलमध्ये नोंद आणि बेरीज येते, बाकी शिकायची तयारी.

कागलकडं एका कारखान्यात स्टोअर असिस्टंट म्हणून लागलो. घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, 'राइट-ऑफ तुम्ही स्वतः केलंय?' त्यांच्याकडं भंगाराचा हिशोब लागत नव्हता बघा, त्यातच त्यांचा जीव अडकलेला.

फौजी भावांनो, युनिटची गुप्त माहिती, पोस्टचं ठिकाण, असलं काय पत्रात लिवू नका. काम काय केलं तेवढं पुरं.

शहापूरची गृहिणी

आधीची हवालदारांची पोस्ट वाचून धीर आला, म्हणून लिहिते. मी बीकॉम, लग्नाआधी एका सीएंकडे काम करायचे. मुलं झाली, काम सुटलं. मी सोडलं तेव्हा व्हॅट होता, परत निघाले तेव्हा जीएसटी येऊन कितीतरी दिवस झालेले (1 जुलै 2017 पासून). माझ्या बायोडेटात मोठी पोकळी. नणंद म्हणाली, 'वर्षं लिहूच नका वहिनी.' नवऱ्याचं म्हणणं, 'फॅमिली रीझन लिही आणि मोकळी हो.'

मला दोन्ही पटलं नाही. वर्षं लपवली की वाचणारा तीच शोधतो. मी पहिल्याच परिच्छेदात एका वाक्यात सांगून टाकलं: मुलं लहान होती म्हणून काम थांबवलं होतं, आता दोन्ही शाळेत आहेत, पूर्णवेळ येऊ शकते. माफी नाही, लांबण नाही. आणि लगेच पुढे आज काय येतं ते: दिरांचं साड्यांचं दुकान आहे, त्यांची टॅलीमधली खाती मीच बघते. जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) अकरा तारखेच्या आत, 3बी (कर भरायचं रिटर्न) वीसच्या आत भरते, आणि त्याआधी खरेदीची बिलं 2बी शी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) ताडून बघते. सुरतच्या एका व्यापाऱ्याने आपलं रिटर्न वेळेवर भरलं नाही म्हणून दिरांचं क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) अडकत होतं. ते 2बी मध्ये मला दिसलं, फोन करून त्याच्याकडून भरून घेतलं. हेही दोन ओळींत घातलं.

घरच्या दुकानाचं काम 'अनुभव' म्हणून लिहायचं की नाही, याची पुष्कळ बायकांना लाज वाटते. पगार मिळाला नाही म्हणजे काम झालं नाही असं थोडंच आहे! फक्त नातं लपवू नका. मी 'दिरांचं दुकान' असंच लिहिलं होतं. ज्यांनी मला घेतलं त्या मॅडमनी दिरांना फोन करून खात्री करून घेतली.

निपाणीकर

माझं थोडक्यात. एका कर्ज देणाऱ्या कंपनीत फील्ड ऑफिसर, निपाणी-चिकोडी-अथणी भाग. बायोडेटात सगळेच 'लँग्वेजेस नोन: मराठी, कन्नड, हिंदी, इंग्लिश' लिहितात. मी पत्रात असं लिहिलं की निपाणीच्या बाजारात मराठीत हिशोब समजावतो, अथणीकडच्या खेड्यात कन्नडमध्ये, आणि कन्नड फॉर्म वाचून भरता येतो, नुसतं बोलता येतं असं नाही. मॅनेजर बेंगळुरूचे होते. त्यांना मराठी येत नव्हतं आणि इथले निम्मे ग्राहक मराठी. माझी निवड कशामुळे झाली ते मला वेगळं विचारायला लागलं नाही.

पण येत नसेल तर येतं म्हणू नका. मुलाखतीत समोर कन्नड वर्तमानपत्र ठेवतात.

चंदगड रोड

प्रश्न: महाराष्ट्र सरकारच्या भरतीला आपल्याकडच्यांनी अर्ज करताना असं पत्र जोडायचं का?

डीटीपीवाला, टिळकवाडी

नाही हो. तिथे ऑनलाइन फॉर्म आणि कागदपत्रं, पत्राला काही किंमत नाही. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी भाषिकांना अर्ज करता येतो, त्यासाठी 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यात लागतो. नमुना त्या-त्या जाहिरातीत असतो, तोच घ्या. जुन्या जाहिरातीचा छापून न्याल तर तपासणीच्या वेळी धावपळ होईल. पत्रावर घालवायचा वेळ दाखल्यावर घालवा.

फायनल इयर, मेकॅनिकल

उद्यमबागकर सर, मोबाइलवर एआयला सांगितलं की मस्त पत्र मिळतं. चालेल का? इंग्रजी माझं कच्चं आहे, मराठी माध्यमातून शिकलोय.

उद्यमबागकर

स्पेलिंग, व्याकरण सुधारून घे, हरकत नाही. पण अख्खं पत्र त्याच्याकडून लिहून घेतलंस की ते ओळखू येतं. हल्ली एकाच दिवशी तीन पत्रं येतात, तिन्हीत 'आय अ‍ॅम थ्रिल्ड टु अप्लाय' आणि 'डायनॅमिक ऑर्गनायझेशन'. आमच्या शेडमध्ये येऊन बघ काय डायनॅमिक आहे ते. पत्रा गळतो पावसात.

तू असं कर. आधी मराठीत लिही, मित्राला सांगतोयस असं. कुठल्या मशीनवर काम केलंस, कंट्रोल कुठला होता, काय मोजलंस, काय बिघडलं, मग काय केलंस. मग त्याचं साध्या इंग्रजीत कर, छोटी-छोटी वाक्यं. जड शब्द एकही नको. दहा-बारा ओळी झाल्या की थांब. मोबाइल नंबर खाली लिही आणि तो चालू ठेव, निम्म्या पोरांचे फोन लागत नाहीत. फाइलला 'न्यू बायोडेटा फायनल 2' असलं नाव नको, तुझं नाव दे.

फायनल इयर, मेकॅनिकल

सर, वर्कशॉपमध्ये मी फक्त लेथवर काम केलंय. सीएनसी नुसती बघितली आहे.

उद्यमबागकर

मग लेथचं लिही. टेपर टर्निंग केलंयस? कंपाउंड रेस्ट किती अंशाला लावली होतीस, ते सांगता येईल?

फायनल इयर, मेकॅनिकल

हो, येईल. जर्नलमध्ये हिशोब आहे.

उद्यमबागकर

तेच घाल पत्रात. आणि लिहून झालं की डीटीपीवाल्या अण्णांकडे नुसती प्रिंट काढ, त्यांच्या कॉम्प्युटरवरचा नमुना घेऊ नकोस.

डीटीपीवाला, टिळकवाडी

तो नमुना कालच डिलीट केला साहेब.