मदत हवी आहे: हर्णैची फिशिंग ट्रिप, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार की सगळं सोडून पूर्णवेळ?

वारजेकर_गळवाला

नमस्कार मंडळी, धागा लांबणारे, चहा घेऊन बसा.

राहायला वारजे, नोकरी हिंजवडीत, वय ३९, आजोळ हर्णैजवळ. लहानपणी मे महिन्यात मामाबरोबर खडपात (खडकाळ किनाऱ्यावर) गळाने मासे धरायला जायचो, ती खाज अजून गेली नाही. तीन वर्षांपूर्वी मामेभाऊ (मी त्याला दादा म्हणतो) आणि मी मिळून, हौशी माणसांना पैसे घेऊन समुद्रात मासे धरायला न्यायचं म्हणून, २२ फुटी फायबरची बोट घेतली, ४० एचपीचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), निम्मे पैसे त्याचे निम्मे माझे. पुण्यातून गिऱ्हाईक मी आणायचं, रॉड, रील, ल्युअर (खोटं आमिष) माझे, आणि बोट चालवणार दादा, कारण त्याला पाणी कळतं आणि मला फक्त यूट्यूब कळतं. दादाची मासेमारीची बोट वेगळी, सोमवार ते शुक्रवार तो त्याच्यावर.

आता गेल्या महिन्यात दादाने सरळ सांगितलं, "एक तर पूर्ण ये, नाहीतर तुझा हिस्सा मला दे." त्याचा राग मला कळतो. मी ऑफिसातल्या पोरांना ९ हजारांची ट्रिप ७ हजारांत दिली, दोनदा. मला वाटलं ओळखीतले आहेत, पुढे गिऱ्हाईक आणतील. तिकडे दादाला बंदरावर दुसरे बोटवाले विचारायला लागले की तुम्हीच भाव पाडता का. तो म्हणाला, "तुला काय रे, पगार एक तारखेला येतो, समुद्र खवळला काय नि शांत काय." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

हिशोब सांगतो. ट्रिप ५ तासांची, माणसं ४, पैसे ९ हजार. पेट्रोल साधारण ३५ लिटर, म्हणजे साडेतीन हजारांच्या वर तेच गेलं, खलाशाचे ८००, बर्फ, आमिष, पाणी, नाश्ता, हातात राहतात चारेक हजार आणि ते दोघांत. वर्षाचे शनिवार-रविवार १०४. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, नारळी पौर्णिमेनंतर बाकीच्या बोटी निघतात पण हौशी माणसं घेऊन छोटी बोट ऑक्टोबरआधी काढायची नाही हा दादाचा नियम, आणि तो बरोबर आहे. उरतात ७० च्या आसपास. त्यातून वारा, लग्नं, मुलीची परीक्षा, ऑफिसचं रिलीज. गेल्या सीझनला झाल्या ३१ ट्रिपा. माझा हिस्सा ६२ हजार आला आणि सगळा इंजिनच्या खालच्या गिअरच्या कामात गेला.

आता ज्याच्यामुळे खरा हलून गेलो ते. जानेवारीतला शनिवार, चार जण रात्री ताम्हिणीतून गाडी मारून पहाटे पाचला हजर. उत्तरेचा वारा होता, दादा म्हणाला आज नको, दुपारी बघू. मी म्हणालो अरे माणसं एवढ्या लांबून आलीत, जवळपास तरी फिरवून आणू. (चूक माझी, शंभर टक्के.) सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या पलीकडे गेलो आणि इंजिन दोनदा खोकलं आणि बंद. नांगर टाकला. बोट लाटांवर आडवी व्हायला लागली, एक जण उलट्या करतोय, दुसरा व्हिडिओ काढतोय. दादाने पेट्रोलचा फिल्टर उघडून माझ्या हातात दिला, तळाला पाणी साचलेलं, हाताच्या बोटाएवढं, वर पेट्रोल तरंगतंय. मागच्या रविवारपासून अर्ध्या टाकीवर बोट तशीच उभी होती आणि टाकी तपासायचं काम माझं होतं, मी पुण्यात बसून "बघतो बघतो" करत होतो. शेवटी गाववाल्यांच्या एका बोटीने ओढून आणलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण त्यांचा तांडेल (बोटीचा प्रमुख) दादाकडे ज्या नजरेने बघत होता ती मला अजून दिसते.

तर विचारायचं हे की पार्टटाइम माणसाने हा धंदा करावाच का? आणि नोकरी सोडून पूर्णवेळ गेलो तर पोट भरेल का? घराचा हप्ता अजून ११ वर्षं आहे. बायको म्हणते काय करायचं ते कर पण आधी कागदावर मांड. मांडलं, वर लिहिलंय, तिला दाखवायची हिंमत नाही :)

पेठेतला_जिताडा

गिऱ्हाईक म्हणून बोलतो. दोन्ही प्रकारच्या बोटींवर गेलोय. पार्टटाइमवाल्याकडे रॉड भारी, लीडर (गळाजवळची जाड दोरी) नवीन, फोटो झकास. पूर्णवेळवाल्याकडे रील गंजलेलं पण तो पाण्याकडे बघून म्हणतो इथे नाही, अजून जरा पुढे, आणि तिथे तांबोशी (मोठा तांबडा मासा) लागते. मला दोन्ही पाहिजे, आणि ९ हजारांत पाहिजे, पुणेकर आहे.

गंमत बाजूला. "आज नको" म्हणणारा माणूस मला बोटीवर हवा. तुमच्या बोटीवर तो होता आणि तुम्ही त्याला गप्प केलंत.

दर्यावर्दी_पिंपरी

भाऊ, मी मूळचा श्रीवर्धनकडचा, घरात दोन पिढ्या बोटी. पहिलं म्हणजे उभी बोट ही चालत्या बोटीपेक्षा जास्त बिघडते, हे कोरून ठेवा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं ते हवेतलं पाणी ओढतं, अर्धी टाकी ठेवली की आत दमटपणा धरतो आणि पाणी खाली बसतं. टाकी भरून ठेवा, वॉटर सेपरेटर फिल्टर (पेट्रोलमधलं पाणी वेगळं काढणारा) लावा, प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन फ्लश करा, झिंकचा तुकडा (इंजिनाऐवजी स्वतः गंजतो तो) झिजला का बघा. हे शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी हाताने करायला हवं, पुण्यातून फोनवर होत नाही.

दुसरं, कागद. मच्छीमार बोटीची नोंदणी मत्स्यव्यवसाय खात्याची असते. पैसे घेऊन माणसं न्यायची तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडची नोंदणी आणि सर्व्हे लागतो, आणि विमा त्याप्रमाणे. नुसत्या मासेमारीच्या कागदांवर प्रवासी नेले आणि काही झालं तर विमावाले हात वर करतात. तुमचं नक्की काय आहे?

आणि भरतीचं. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, म्हणजे या शनिवारी सकाळी सहाला भरती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी ओहोटी. फक्त शनिवारी जाणाऱ्याला प्रत्येक वेळी समुद्र उलटाच दिसतो. तुमचा दादा मधले पाच दिवस बघतो, ते त्याचं भांडवल आहे. इंजिन काय कोणीही घेतं.

टॅम्पावाला

मी फ्लोरिडात असतो, इथे याच्यावर कायम वाद चालतो, पूर्णवेळचे कॅप्टन वीकेंडवाल्यांना शिव्या घालतात, कारण तेच, भाव पाडतात. पण इथे कोस्ट गार्डचं लायसन दोघांना एकच. सगळ्यात खालचं, ज्याला लोक सिक्स-पॅक म्हणतात, त्यावर जास्तीत जास्त ६ पैसे देणारे प्रवासी. त्यासाठी ३६० दिवसांचा बोटीवरचा अनुभव दाखवावा लागतो, त्यातले ९० दिवस अलीकडच्या वर्षांतले, आणि दिवस धरायला किमान ४ तास पाण्यावर. वर मेडिकल, ड्रग टेस्ट, फर्स्ट एड. गावातला असो की बँकेतला, दिवस भरावेच लागतात.

या मापाने तुमचे तीन सीझन मिळून किती दिवस होतात बघा. दादाचे किती होतात तेही बघा. मग त्याने हिस्सा मागितला यात नवल वाटणार नाही.

खाडीकाठची_ताई

आमचं दापोलीकडे चार खोल्यांचं होमस्टे आहे, मिस्टर पूर्णवेळ तेच बघतात, म्हणून बोलते. दादा, तुम्ही प्रश्नच चुकीच्या बाजूने धरलाय. तुम्ही पूर्णवेळ व्हाल हो, पण गिऱ्हाईक कुठे पूर्णवेळ आहे? पुण्या-मुंबईची माणसं शुक्रवारी रात्री निघतात आणि रविवारी दुपारी जेवून परत. आमच्या खोल्या सोमवार ते गुरुवार रिकाम्या, नाताळ आणि मे सोडला तर. तुम्ही राजीनामा देऊन हर्णैला आलात तरी मंगळवारी काय करणार? तुमच्या दादाला मंगळवारी काम आहे, जाळी आहे, बंदरावर संध्याकाळचा लिलाव आहे. त्याची मासेमारी आहे म्हणून त्याला ही ट्रिप परवडते. तुम्हाला नोकरी आहे म्हणून परवडते. म्हणजे ट्रिपच्या धंद्यात तुम्ही दोघंही पार्टटाइमच, फरक इतकाच की तो तिथे असतो.

भावाशी भांडू नका. ७ हजारांची ट्रिप मात्र बंद करा, ओळखीत स्वस्त दिलं की ओळखीतलेच वाढतात.

वारजेकर_गळवाला

सगळ्यांचे आभार. ताई, मंगळवारचा प्रश्न बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली हे मी कधीपासून सांगतेय.

दर्यावर्दी भाऊ, बोट सागरी मंडळाकडेच नोंदलेली आहे, सर्व्हे झालेला आहे, पण विम्याचा कागद काल पहिल्यांदा नीट वाचला, त्यात प्रवाशांची संख्या कमी लिहिलीय, ते दुरुस्त करून घेतोय. तोवर ट्रिपा बंद.

टॅम्पावाले, दिवस मोजले. माझे तीन सीझनचे ८४. दादाचे मोजायला गेलो तर तो हसला, म्हणाला शाळा सोडल्यापासून मोज.

रविवारी जाऊन त्याच्याशी बोललो. नोकरी सोडत नाहीये. बोट निघायची की नाही ते तो ठरवणार, मी माणसांना आधीच लिहून कळवणार की वारा असला तर परत जावं लागेल आणि आगाऊ पैसे परत मिळतील. भाव एकच, ऑफिसवाल्यांनासुद्धा. हिशोब निम्मा-निम्मा होता तो आता त्याचे ६५ माझे ३५, कारण शुक्रवारची देखभाल त्याचा पुतण्या करणार आणि त्याचे पैसे माझ्या बाजूतून. दादा लगेच हो म्हणाला नाही. "बघू एक सीझन" म्हणाला. मग मामीने सोलकढी आणली आणि विषय तिथेच राहिला.

आता एक शेवटचं, नाना पेठेत ४० एचपी आउटबोर्डला बसेल असा वॉटर सेपरेटर फिल्टर कोणाकडे मिळेल का? दोन दुकानं फिरलो, दोन्हीकडे ट्रॅक्टरचा दाखवतायत.