मदत हवी आहे: ट्रॅव्हल ट्रेलरचे टायर बदलू की चालतील?

मंजिरी_डॅलस:
नमस्कार मंडळी, आम्ही डॅलसजवळ राहतो, हिवाळ्यात एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेतलाय, दोन अ‍ॅक्सलचा. जूनमध्ये पुण्याहून आईबाबा येणारेत, त्यांना घेऊन अमारिलोवरून आय-४० हायवे धरून ग्रँड कॅन्यनला जायचंय, म्हणजे जायचेच हजारेक मैल आणि तेही रणरणत्या उन्हात (आईबाबा पिकअपमध्येच बसतील, चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही नाही).

टायर एसटी (खास ट्रेलरचे) २०५/७५ आर १४ आहेत, लोड रेंज (किती वजन पेलेल त्याचा दर्जा) सी. आधीच्या मालकाने फारसा फिरवलाच नाही त्यामुळे नक्षी अगदी नव्यासारखी, पण साईडवॉलवर (टायरच्या बाजूवर) डीओटी नंबरच्या (टायरचा उत्पादन कोड) शेवटी २२१८ आहे, म्हणजे २०१८ चा २२ वा आठवडा ना? आणि खाली वाकून टॉर्च मारला तर रिमच्या जवळ केसासारख्या बारीक भेगा दिसतात, अंगठ्याने रबर दाबलं की त्या थोड्या उघडतात. एका दुकानात म्हणाले ग्रिप मस्त आहे, हवा भरा आणि निघा. दुसरीकडे म्हणाले एसटी घेऊच नका, पिकअपचे एलटी (हलक्या ट्रकचे टायर) बसवा. ट्रेलर मीच ओढणार आहे आणि मागे आईबाबा असणार म्हणून खरंच काळजी वाटतेय, बदलायचे तर सी घेऊ की डी आणि हवा किती ठेवायची, प्लीज सांगा.

हायवेकर:
मंजिरीताई, बदला. पाचही, स्टेपनीसकट. कारचा टायर गोटा होऊन जातो, ट्रेलरचा उभ्या उभ्या म्हातारा होतो, उन्हाने रबर सुकतं, म्हणून नक्षी कितीही छान दिसली तरी पाच-सहा वर्षांनी काढायचाच. भेगा दिसत असतील तर विचारच नको. ट्रेलरचा टायर फुटला की नुसता बसत नाही, सुटलेला पट्टा गरागरा आपटत वरचा पत्रा, वायरिंग, कधी गॅसची लाईनसुद्धा फाडतो.

आता वजनाचं बघा. तुमच्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट जास्तीत जास्त वजन) किती आहे?

मंजिरी_डॅलस:
७००० पौंड.

हायवेकर:
मग हीच खरी गोची. लोड रेंज सी मध्ये हा टायर ५० पीएसआय हवेच्या दाबाला १७६० पौंड पेलतो, चार मिळून ७०४०. थोडं वजन हिचवरून (ट्रेलर जोडतात तिथून) पिकअपकडे जातं हे मान्य, पण चारही चाकांवर भार कधीच सारखा नसतो, किचन आणि फ्रिज ज्या बाजूला ती बाजू जड. ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली तर ते पाणीच ३३० पौंडांच्या वर जातं. त्याच साईजमध्ये लोड रेंज डी घ्या, ६५ पीएसआयला २०४० पौंड. पण आधी रिमच्या मागच्या बाजूला किती पौंड आणि किती पीएसआय लिहिलंय ते बघा, रिम पेलणार नसेल तर टायर तगडा घेऊन उपयोग नाही. व्हॉल्व्ह धातूचे बसवून घ्या आणि टायर बॅलन्स करून घ्या, ट्रेलरला कशाला असं दुकानदार म्हणतात, ऐकू नका.

एलटीचं म्हणाल तर १४ इंचात एवढं वजन पेलणारे मिळणं अवघडच. साधे कारचे टायर तर नकोच, ट्रेलरखाली त्यांची क्षमता १.१ ने भागून धरावी लागते.

सातारी_टेक्सन:
+१, आणि वेगाचं पण बघा. साईडवॉलवर वेगाचं अक्षर एल असेल तर ताशी ७५ मैल, एम ८१, एन ८७, अक्षरच नसेल तर ६५ धरा. टेक्सासात बोर्डावर ७५ लिहिलेलं असलं तरी ट्रेलर मागे असताना आपण ६५ च्या आतच बरे, मागून कोणी हॉर्न मारला तर मारू दे.

निघायच्या आधी सगळं सामान भरून ट्रकस्टॉपवर कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) वजन करा, अंदाजावर राहू नका. आणि टीपीएमएस (टायरमधली हवा दाखवणारं यंत्र) नक्की घ्या, मागचा टायर बसलेला ड्रायव्हरला कळतच नाही, दुसरं चाक भार ओढत राहतं आणि मग तेही जातं.

मंजिरी_डॅलस:
खूप आभार दोघांचे. रिमवर २२०० पौंड आणि ६५ पीएसआय आहे, म्हणजे डी बसतील ना? आणि ६५ म्हणजे गाडी चालवून आल्यावर का?

हायवेकर:
बसतील. आणि ६५ हे थंड टायरचं, सकाळी गाडी हलवायच्या आधी, ऊन पडायच्याही आधी. दुपारी ते ७२-७५ दिसेल, घाबरून हवा सोडू नका, कमी हवेनेच टायर जास्त वाकतो, तापतो आणि फुटतो. नवीन चाकं बसवल्यावर पहिल्या ५० मैलांनी नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. थांबाल तिथे हब (चाकाचा मधला भाग) आणि टायरला हात लावून बघत जा, एखादाच बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर तिथेच थांबा, बेअरिंग किंवा ब्रेक बघा.

अजून एक, वाटेतलं फ्लॅगस्टाफ ७००० फुटांच्या आसपास आहे, जूनमध्येही पहाटे चांगलाच गारठा असतो, तिथे सकाळी हवा कमी दिसेल. छोटा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर बरोबर ठेवा आणि तिथे भरून घ्या. परतीला खाली उतरलात की दुसऱ्या दिवशी सकाळी परत तपासा.