४२ सेंमीच्या बीजेडीचा शर्ट: बाही मुंढ्यात बसत नाही

टाचणी:
बाहुली बीजेडी (बॉल-जॉइंटेड डॉल, गोल सांध्यांची रेझिनची बाहुली), १/४ मापाची. पॉपलिनचा लांब बाहीचा शर्ट शिवतेय. मुंढ्यावर चुण्या पडतात, कोपर वाकवलं की काखेतली शिलाई उसवते आणि ६ मिमी माया (शिलाईबाहेरचं जादा कापड) ठेवूनही कडेचे धागे निघतात. अंग मात्र छान बसलंय, म्हणजे ड्राफ्ट बरोबर असावा. पुढचा सेट मरून कापडाचा करायचाय, रेझिनला रंग लागेल का?

उरेबपट्टी:
माप हात सरळ ठेवून घेतलं असेल तर गोम तिथेच आहे. कोपर वाकला की सांधा बाहेर येतो आणि बाही तोकडी पडते. कोपर पूर्ण वाकवून सांध्याभोवतीचा घेर घ्या, आणि खांद्यापासून कोपराच्या बाहेरून मनगटापर्यंतची लांबी. घेरात ८ ते १० मिमी सैल ठेवा. सरळ हातावर बाही जरा लांब दिसेल, ती कफवर झोळ पडून खपून जाते.

चुण्या पडतात कारण बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा बराच मोठा आहे. आपल्या कपड्यात तो फरक कापडात जिरवता येतो, एवढ्याशा मुंढ्यात पॉपलिन तो जिरवत नाही. फरक २-३ मिमीच्या आत आणा. गोलाची उंची कमी करून बाही रुंद केली की हातही वर जातो. हात खाली असताना काखेत थोड्या सुरकुत्या दिसतील, त्या दिसू द्या.

बाही गोल शिवून मग मुंढ्यात बसवू नका, मशीनचा पाय आत शिरतच नाही. आधी खांदे जोडा, कफ लावून घ्या, बाही सपाट असतानाच मुंढ्याला जोडा. मग कफपासून काखेतून कमरेपर्यंत एकच शिलाई. काखेच्या वळणावर मायेला ३-४ कट द्या, शिलाईच्या १ मिमी अलीकडे थांबून. हे कट राहिले की शर्ट उलटल्यावर काख ओढते.

कातरकाम:
पॉपलिनच सोडा. लॉन, वॉयल किंवा कॅम्ब्रिक असं पातळ सुती कापड घ्या. ९ नंबर सुई, टाका दीड मिमीचा. सुरुवातीला मशीन कापड गिळत असेल तर खाली पातळ कागद धरा, नंतर फाडून टाका. धागे सुटू नयेत म्हणून आखलेल्या रेषेवर फ्रे-चेक (कडेचे धागे चिकटवून ठेवणारं लिक्विड) लावा, पूर्ण वाळल्यावरच कापा. आधी कापून मग लावायला गेलं तर तोवर कड विस्कटलेली असते.

उरेबपट्टी:
वॉयलवर ते लिक्विड जपून. काही कापडांवर काळपट डाग राहतो, कड कडकही होते. कातरणावर बघून घ्या. अंगाला पूर्ण अस्तर दिलं तर गळा आणि पुढची कड आतच जाते, लिक्विड फक्त बाहीला लागतं.

धावदोरा:
मरूनबद्दल: रंग लागतो, आणि रेझिनमध्ये मुरला की पुसून जात नाही. शिवण्याआधी पाणी नितळ येईपर्यंत कापड धुवा, मग ओल्या पांढऱ्या सुती चिंधीने जोरात घासून बघा. चिंधी रंगली तर ते कापड बाद. नाही रंगली तरी पांढरं अस्तर द्या आणि कपडा आठवडेच्या आठवडे अंगावर ठेवू नका. मरून, काळा, गडद निळा, तिघांनाही हेच लागू.

शर्ट बंद करायला वेल्क्रो नको, विगचे केस त्यात अडकतात. ५ मिमीची टिच बटणं लावा. कफ अरुंद असेल तर पंजा काढून बाही चढवा. पंजा काढायचा नसेल तर त्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, बोटं कापडात अडकत नाहीत.