वडिलांची स्मरणपुस्तिका: शेती, वारी आणि परिक्रमा कागदावर कशी आणावी?

मुलुंडकर_धाकटा

नमस्कार मंडळी. अप्पांच्या वर्षश्राद्धाला घरच्यांना आणि गावकऱ्यांना द्यायला पुस्तिका करायची आहे. साठेक पानं, १२० प्रती, हातात चार महिने. अप्पा संगमनेर तालुक्यातले शेतकरी. साडेचार एकर, एक विहीर, दावणीला दोन गायी. माळकरी, आषाढीची वारी पायी, आणि एकदा नर्मदा परिक्रमासुद्धा पायी.

पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याचे जुने उतारे, शेतीकर्ज देणाऱ्या सोसायटीची पासबुकं, वाशीच्या कांदापट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), जुनी कालनिर्णयं, परिक्रमेची शिक्क्यांची वही आणि चिकट पानांचा अल्बम आहे. आई आहे, आत्या ८४ वर्षांच्या आहेत. मी मुंबईत असल्याने महिन्यातून एकदाच गावी जाणं होतं. सुरुवात कुठून करू? आणि ‘ते फार कष्टाळू व धार्मिक होते’ याच्या पुढे कसं जायचं?

बांधावरून

पेटी कुठे जात नाही. पहिली फेरी आत्यांसाठी ठेवा. फोनवर रेकॉर्डिंग करा, पंखा बंद, फोन हातात न धरता उशीवर ठेवलेला, एका बैठकीला चाळीस मिनिटांच्या वर नको. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव म्हणून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी कुठली फाईल कोणाची ते कळत नाही. ‘अप्पा लहानपणी कसे होते?’ असं विचारलंत तर ‘चांगला होता’ एवढंच मिळेल. ‘मोट कधी सुटली आणि इंजिन कधी आलं? त्या वेळी बैल कोणते होते?’ असं विचारा.

साल विचारू नका, खुणेची घटना विचारा. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला तेव्हा लग्न झालं होतं का? १९७२ च्या दुष्काळात कोणत्या कामावर होते, पाझर तलाव की रस्त्याची खडी? मिलोच्या (तेव्हा परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या) भाकरी कोणी थापल्या? एवढ्यावर पाच-सात वर्षांची चूक एका वर्षावर येते.

जन्मतारखेचं जपून. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी नाव दाखल करताना टाकलेली आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, मागा. जुनी पानं मोडीत असतील, वाचणारा गाठावा लागेल. तिथे मुलाचं नाव बहुतेक नसतं, ‘अमक्यास मुलगा’ एवढंच असतं. त्यामुळे आजोबांचं पूर्ण नाव पाठ करून जा.

आता सातबारा. नमुना ७ मध्ये मालकी, नमुना १२ मध्ये पीक. हा नमुना १२ वर्षावर्षाच्या क्रमाने लावून पाहिलात तर विहिरीची नोंद कधी लागली, बाजरी जाऊन कांदा कधी आला ते दिसतं. मात्र तलाठी पुष्कळदा मागच्या वर्षाचंच पीक उतरवून घेत, म्हणून पट्ट्यांशी ताडून बघा. ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद असेल, शेजारी फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांक असेल. तो फेरफार काढा. कर्ज किती, कधी काढलं, बोजा कधी उतरला हे कळतं. इंजिनासाठी काढलेलं कर्ज त्यांनी किती वर्षांत फेडलं हे एक वाक्य ‘कष्टाळू’ या शब्दापेक्षा जास्त बोलेल. उताऱ्यावर सर्व्हे नंबर दिसला तर ते गटवारीच्या (तुकडे एकत्र करून गट पाडण्याच्या) आधीचे कागद, गट नंबराशी जुळवून घ्या. आपले अभिलेख या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच तालुक्यांचे जुने कागद स्कॅन केलेले आहेत, ते मुंबईत बसून पाहता येतात.

वावरांची नावं मात्र कागदावर क्वचितच सापडतात. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो, तो एकदा पाहा, पण भरलेला असेलच असं नाही. खळ्याचं, माळाचं, ओढ्याकडचं, जे काही घरात म्हणत असाल ते आईला विचारा, महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून गटाचा नकाशा काढून त्यावर लिहा. माझ्या मते पुस्तिकेची प्रकरणंही याच नावांनी करावीत. प्रत्येक वावरात काय पिकलं, काय बुडालं, कोणतं झाड अप्पांनी लावलं.

आणि कालनिर्णय! ते १९७३ पासून निघतंय, चौकोनात शेतकऱ्याचं अख्खं वर्ष असतं. ‘कपिला भरवली’ असं लिहिलेलं सापडलं की तिथून नऊ महिने नऊ दिवस पुढे जा, ‘कपिला व्याली, गोऱ्हा’ सापडेल. म्हैस असेल तर दहा महिने दहा दिवस. नाही सापडलं तर गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नसेल, तीन आठवड्यांनी परत ‘भरवली’ दिसेल. दुधाच्या लिटरांखाली मध्येच एखाद्या एकादशीला ‘नाम’ असं लिहिलेलं असतं. असं एक पान निवडा आणि जसंच्या तसं पूर्ण पानभर छापा.

टाळकरी

वारीबद्दल. वाऱ्यांची संख्या तोंडी सांगितलेली छापू नका. ‘४० वाऱ्या’ म्हणताना लोक २०२० आणि २०२१ धरतात, त्या दोन्ही वर्षी पायी सोहळा नव्हता, पादुका एसटीने पंढरपुराला गेल्या. आषाढी, कार्तिकी आणि महिन्याची वारी यांची गणतीही वेगवेगळी करा.

दिंडी क्रमांक आणि पालखीच्या रथापुढची की रथामागची हे दोन्ही लिहा, क्रमांक दोन्हीकडे असतात. दिंडीमालकाकडे भिशीची (जेवणखर्चाच्या वर्गणीची) वही असते, त्यात माणसांची नावं आणि जमा रक्कम मिळते. अप्पांकडे काय सेवा होती ते तिथेच कळेल: वीणा, टाळ, पाण्याचा टँकर, की तंबू ठोकणं. गावातल्या सप्ताहाची जुनी पत्रकंही मंदिराच्या कपाटात पाहा. अन्नदात्यांच्या यादीत किंवा काकड्याच्या नेमात नाव असतं.

परिक्रमेची वही हा तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद. झेरॉक्स नको, जांभळ्या शाईचे शिक्के झेरॉक्समध्ये मरतात. रंगीत स्कॅन करा. मग शिक्क्यांची ठिकाणं आणि तारखा ओळीने एका तक्त्यात उतरवा. नर्मदामैया सतत उजव्या हाताला असते, त्यामुळे ओंकारेश्वराहून निघालेला माणूस आधी दक्षिण तटाने समुद्राकडे जातो, विमलेश्वराहून नावेने मिठी तलाईला उतरतो, मग उत्तर तटाने अमरकंटक करून परततो. शिक्के या क्रमात बसत नसतील तर एकतर पान उलटं शिवलंय किंवा तारीख चुकीची वाचलीय. एका जागी चार महिन्यांचा खंड दिसला तर तो चातुर्मास, आजारपण समजू नका. कोणत्या आश्रमात काढला ते लिहाच. शूलपाणीच्या झाडीतली, म्हणजे नर्मदाकाठच्या जंगलातली वाट सरदार सरोवराचं पाणी चढत गेलं तशी बदलली, म्हणून आजचा नकाशा जुन्या परिक्रमेला लावू नका. त्या भागात दोन शिक्क्यांमधले दिवस मोजा. जिथे अंतर थोडं आणि दिवस जास्त, तिथेच अप्पांचं धाडस आहे. सोबत कोण होतं ते शोधा आणि त्या टप्प्याचंच विचारा.

मुलुंडकर_धाकटा

मनापासून आभार. एक अडचण: वहीत काही ठिकाणी फक्त तिथी आणि शके आहे. आणि अल्बममधले फोटो पानाला घट्ट चिकटलेत.

टाळकरी

शकात ७८ मिळवा. मार्गशीर्षाच्या शेवटी किंवा पौषात इंग्रजी वर्ष बदलतं, तिथून गुढीपाडव्यापर्यंत ७९. पण महाराष्ट्राबाहेर लिहिलेली तिथी असेल तर थांबा: मध्य प्रदेशात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिकडचा वद्य पक्ष आपल्यापेक्षा एका महिन्याने पुढच्या नावाचा असतो. तिकडच्या आश्रमात कोणी ‘माघ वदी’ लिहिलं असेल तर आपला तो पौष वद्य. सालही तिकडे विक्रम संवताचं असू शकतं, त्यातून ५७ वजा करा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ५६.

खिळाजुळारी

फोटो ओढू नका, कोपरा फाटतो. दात साफ करायचा मेण नसलेला धागा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू फिरवा. तरी सुटला नाही तर अख्खं पान तसंच स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट, तिरप्या उजेडात कॅमेऱ्याने टिपा. स्कॅनचा बारकावा पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय, पासपोर्टएवढ्याला १२००. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने. हे काम मुंबईत आणून करणार असाल तर पावसाळ्याआधी उरका, नाहीतर डबा घट्ट झाकणाचा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. बुरशी एकदा फोटोच्या चकाकीत शिरली की निघत नाही.

छपाई: १२० प्रतींना ऑफसेट परवडत नाही, डिजिटल करा. पानसंख्या चारच्या पटीत हवी, म्हणजे ६० किंवा ६४. आत १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो हा साधा कागद, फोटोंची आठ पानं मध्यभागी १३० जीएसएम आर्टपेपरवर, कव्हर ३०० जीएसएम. एवढ्या जाडीला पिना मारल्या तर पुस्तिका उघडी राहते, कडेने शिवून किंवा चिकटवून घ्या आणि आतल्या बाजूला २० मिमी समास सोडा.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. गिरगाव-परळकडे अजून बरेच डीटीपीवाले जुन्या फॉन्टात काम करतात, तिथे रूपांतर करताना ‘शेतकऱ्यांनी’चं ‘शेतकर्यांनी’ आणि ‘वाऱ्या’चं ‘वार्या’ होतं. तुमच्या पुस्तिकेत हे दोन शब्द पानोपानी असणार. शेवटची पीडीएफ आली की फक्त ऱ्य, ऱ्ह, श्र आणि ॲ यांच्यासाठी एक स्वतंत्र वाचन करा. १२० छापण्याआधी एकच प्रत खऱ्या कागदावर काढून घ्या.

बांधावरून

दोन गोष्टी राहिल्या. सातबारा, पासबुक, सह्या यांची पूर्ण चित्रं छापू नका, गट नंबर आणि खातं क्रमांक झाकून तेवढाच तुकडा घ्या. गावभर वाटली जाणारी वस्तू आहे.

आणि ती एक कच्ची प्रत १६ पॉइंटात काढून आधी आईंना द्या, सोबत लाल पेन. त्यांना वाचायला जड जात असेल तर बसून वाचून दाखवा आणि त्या थांबवतील तिथे खूण करा. ‘नाही रे, ते वावर नाही, ओढ्याकडचं’ असं त्या म्हणाल्या की आधी नकाशा दुरुस्त करा, मग मजकूर.